मागे राहिलेलीची खोट

मंगळवार, ४

आजपासून पुन्हा रोज लिहायचं ठरवलं आहे. मागच्या खेपेला आधी ठरवलं आणि मग वही शोधायला गेले. वही सापडेपर्यंत उत्साह संपला होता. या खेपेला आधी वही शोधली.

दोन बातम्या आहेत. पहिली, माझ्या लेकीची, ठकीची निवड झाली. पूल तपासणाऱ्या कंपनीत दोन वर्षं शिकायचं, मग नोकरी. दोराला लटकून पुलाच्या पोटाखाली जायचं आणि हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, आत कुठे पोकळ झालंय का. लहानपणी ती कलिंगडं अशीच निवडायची. ते शहर आगगाडीने दीड दिवसावर आहे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी तिला स्पष्ट सांगितलं, निर्णय तुझा, माझं काही म्हणणं नाही. आणि खरंच नाही. दुपारी तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला माणूस बोलावला. तो वर्षभर खडखडत होता. या गोष्टीचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही.

दुसरी बातमी, धाकट्याने मला काम दिलं. माझा भाऊ चाळिशीला आला तरी घरात धाकटाच आहे. गेली काही वर्षं तो एक खेळ बनवतोय, नाव 'नदीपार'. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. अडलं की फासे टाकायचे. अशी सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या पात्राचं पूर्वायुष्य निवडायचं असतं. त्याचं एक कार्ड असतं, त्यावर काही गुण, एखादी वस्तू आणि एक खोट. गुणांना आणि वस्तूला अधिक आकडे, खोटीला उणे, आणि सगळ्याची बेरीज शून्य आली पाहिजे. कुणाचंच पूर्वायुष्य दुसऱ्याहून सरस ठरता कामा नये. अशी बारा लिहून हवी आहेत.

मी घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. ओल्या हाताने बटण दाबू नये, झाकण उघडं ठेवून चालू करू नये. धाकटा म्हणाला, "ताई, माणसं नेमकं काय चुकणार हे तुझ्याइतकं कुणालाच आधी दिसत नाही." हे कौतुक आहे असं मी धरून चालले आहे.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की बेरीज शून्यच यायची असेल तर एवढी उठाठेव कशाला.

गुरुवार, ६

पाच कार्डं झाली. न्हावी, पळून आलेला शिपाई, मीठ विकणारी, भरल्या घरातला मुलगा आणि पोरकं.

पोरकं लिहिताना हात जरा सैल सुटला. आईबाप नाहीत, मग निदान एक कुत्रा तरी असावा सोबतीला. नुसता कुत्रा म्हणजे फारच थोडं, म्हणून अंधारात दिसण्याचा गुण दिला. एक उबदार कोटही दिला, बापाचा. आणि भेटेल त्या बाईला याच्याबद्दल माया वाटते, हेही. एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की खोट लिहायची राहिली. बराच विचार करून लिहिलं, कधीकधी उदास होतो. उणे एक.

बेरीज शून्याच्या बरीच वर जातेय. पण ज्याचं आधीच गेलंय त्याला थोडं जास्त मिळालं तर कुणाच्या पोटात दुखणार आहे?

ठकी कार्डं टाइप करून नीट मांडून देते. तिने पोरक्याचं कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करायला घेतलं. पंखा आता गपगार चालतो.

शनिवार, ८

पहिली चाचणी. आमच्या जेवणाच्या टेबलावर. खेळायला चौघं होती. ठकी, सासूबाई, तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बघायला येणारा लिफ्टवाला. तो महिन्यातून एकदा लिफ्टसाठी येतो आणि दर शनिवारी धाकट्यासाठी. धाकटा सूत्रधार. मी कोपऱ्यात पेन्सिल घेऊन, नुसती बघायला.

कार्डं मांडली. चौघांनीही पोरकंच निवडलं.

चार पोरकी आणि चार कुत्री असा तांडा निघाला. चोर कुत्र्यांनी पकडला. नदीचा उतार कुत्र्यांनी शोधला. राजवाड्यातली गुप्त खोलीसुद्धा कुत्र्यांनीच हुंगली, आणि सासूबाईंच्या कुत्र्याने पहारेकऱ्याला असा चावा घेतला की फासे टाकायची गरजच उरली नाही. तासाभराने डॉक्टरने विचारलं की आपण खेळतोय की नुसते पट्टे धरून चाललोय.

धाकटा हसत हसत म्हणाला, "ताई, तुझ्या खेळात बाप मेला की लॉटरीच लागते."

आणि मग त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची दया आली. लिफ्टवाला फासे पुसायला लागला. ठकीचे बाबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि हे त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं.

ठकी म्हणाली, "मग मला कुत्रा का नाही मिळाला?"

"कुत्र्याऐवजी मी मिळाले," सासूबाई म्हणाल्या. "चावते पण मीही."

त्यावर हसायला जी सुरुवात झाली ती थांबेना. मीसुद्धा हसले. पण इथे नोंद करून ठेवते की कार्ड लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं.

मंगळवार, ११

पोरक्याचा कुत्रा काढला. फार वाईट वाटलं. कोट ठेवला, पण कोपराला फाडला.

भरल्या घरातला मुलगा कुणीच घेत नाही. आईबाप जिवंत, भावंडं प्रेमळ, घर नीटनेटकं. अशा माणसाला काय येतं? मला काही सुचेना. डॉक्टर जिन्यात भेटली तिला विचारलं. ती म्हणाली, चांगले दात. लहानपणी कुणीतरी मागे लागून घासून घेतलेले असतात. दात लिहिले, अधिक एक. लिफ्टवाल्याचं म्हणणं असं की अशा माणसाला कुठेही पडल्या पडल्या झोप लागते. तेही लिहिलं. सासूबाई म्हणाल्या की भरल्या घरातल्या माणसाला भांडता येतं, कारण भांडण झालं तरी संध्याकाळी ताट वाढलेलं असणार हे त्याला ठाऊक असतं. मला हे सगळ्यात पटलं. अधिक तीन.

ठकीच्या खोलीला नवे पडदे शिवायला टाकले. जुन्यांचा रंग पार उडाला होता. ती म्हणाली, "आई, मी महिनाअखेरीस कदाचित इथे नसेन." मी म्हटलं, मग काय झालं, खोली तर असेल.

गुरुवार, १३

आज अवघड कार्ड होतं. धाकट्याला बारावं पूर्वायुष्य असं हवंय की जे प्रवासी नाहीच. सगळे नदीपार जातात, ही अलीकडच्या गावातच राहते. तिथून निरोप पाठवते, रसद पाठवते, बातम्या काढते. नाव त्यानेच दिलं, 'मागे राहिलेली'.

गुण भराभर सुचले. गावातलं प्रत्येक दार तिला उघडतं. कुठली वस्तू कुठे ठेवली आहे हे ती अंधारातही सांगते. आजारी माणसाला नुसतं बघून तिला कळतं. तिच्याशी खोटं बोलणं अवघड. बेरीज केली तर अधिक पाच. म्हणजे खोट उणे पाचाची लागणार. एवढी मोठी खोट अजून कुणालाच दिलेली नाही. पळून आलेल्या शिपायाचीसुद्धा उणे तीन आहे, आणि त्याला फाशी होणार आहे.

मग बसून लिहिलं. 'प्रवासी नदीपलीकडे गेले की हिचं घर रिकामं होतं. हातातलं काम अर्धवट राहतं. ही दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते. संध्याकाळी दिवा लावायचा राहून जातो. बोलायला कुणी नसल्यामुळे दर फेरीला हिचा एक गुण कमी होत जातो.' उणे पाच.

नेमकं बसलं. एवढं चपखल बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. टाइप करायला ठकीच्या टेबलावर ठेवलं.

शनिवार, १५

दुसरी चाचणी. आज कार्डं पालथी टाकून ज्याच्या हाती जे येईल ते घ्यायचं, असं धाकट्याने ठरवलं. 'मागे राहिलेली' सासूबाईंना आलं.

त्यांनी त्या बाईचं जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. प्रवासी नदी उतरून दिसेनासे होताच त्यांनी घराच्या दोन खोल्या वाटसरूंना भाड्याने दिल्या. मग नावाड्याशी संधान बांधलं आणि नदी ओलांडणाऱ्या प्रत्येकाकडून जकात घ्यायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरचं पात्र जखमी होऊन परत आलं, तर तिच्याकडूनही घेतली. डॉक्टर म्हणाली, अहो आपण एकाच बाजूचे. सासूबाई म्हणाल्या, बाजू नदीला असतात.

धाकट्याला एका गोष्टीची काळजी वाटतेय, खोट लागूच पडत नाही. बोलायला कुणी नसेल तर गुण कमी व्हायचा, पण या बाईकडे माणसांची रीघ. गुण सगळे शाबूत, वर जकात.

मी म्हटलं, मग खोट वाढवायला हवी. घरात माणसं असली म्हणून रिकामपण जात नाही. गर्दीतसुद्धा माणूस एकटं असतं. आपलं माणूस गेलं की गेलं, त्याची जागा वाटसरू कसे घेतील? खोट अशी पाहिजे की ती चुकवताच येऊ नये.

बहुतेक माझा आवाज जरा चढला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आकडे जुळत नाहीत म्हणून म्हणतेय मी," मी म्हटलं.

धाकट्याने ते लिहून घेतलं. ठकी खाली मान घालून तिचे फासे एकावर एक रचत होती. ते तिसऱ्यांदा पडले तेव्हा सासूबाईंनी ते उचलून स्वतःकडे घेतले.

सोमवार, १७

खोट उणे सात केली. 'ही बाहेरून बरी दिसते, म्हणून कुणाला कळत नाही' असं एक वाक्यही जोडलं. उणे सात जुळवायला दोन गुण वाढवावे लागले. त्यातला एक, कितीही दमली तरी सकाळी उठते.

मंगळवार, १८

ठकीने नकार कळवला.

रात्रीच्या जेवणाआधी सहज सांगितलं, पाणी आणायला उठावं तसं. मी विचारलं का गं. म्हणाली, उंचीची भीती वाटायला लागलीय, दोराला लटकणं जमेलसं वाटत नाही. इथेच काहीतरी बघेन.

मला फार वाईट वाटलं, अर्थात. एवढी चांगली संधी. पण भीती ही भीती असते, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मी तिला म्हटलं, जबरदस्ती कुणी केलीय. मग तिला आवडतात म्हणून ताज्या घडीच्या पोळ्या करून वाढल्या. तीन. सासूबाई जेवता जेवता एवढंच म्हणाल्या, "भीती? हिला?" माणसं बदलतात, मी म्हटलं.

पडदे शिवून आले. खोलीत उजेड जरा जास्तच येतो त्यांच्यातून, पण छान दिसतात.

शुक्रवार, २१

लिहिण्यासारखं काही नाही. मी मजेत आहे. आज माहितीपत्रकात एका यंत्राचा प्लग काढण्याची सूचनाच द्यायची राहिली. कार्यालयातल्या तपासनिसाने फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

ठकी घरात फारच शहाण्यासारखी वागतेय. डबा स्वतः धुते, आजीशी भांडत नाही. कालपासून मनात एक विचित्र विचार येतोय, की ती कुणा परक्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी राहतेय.

शनिवार, २२

चाचणी अर्ध्यातच मोडली. मोडायला कारण लिफ्टवाला, आणि त्या बिचाऱ्याला अजून माहीतही नाही की त्याने काय केलं.

खेळात एका खोल विहिरीत उतरायचा प्रसंग आला. ठकीचं पात्र मागे सरलं. त्यावर लिफ्टवाला तिला म्हणाला, अहो, परवा खरोखरच्या लिफ्टच्या छपरावर उभ्या राहून वरपर्यंत आलात माझ्याबरोबर, एका हाताने तारा चाचपत होतात, मीच तुम्हाला ओरडलो आणि आता इथे टेबलावर घाबरता?

परवा. म्हणजे नकार कळवल्यानंतर दोन दिवसांनी.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि ठकीला म्हटलं, जरा स्वयंपाकघरात ये. ती आली. ओट्याला टेकून उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

"तुला उंचीची भीती वाटत नाही."

"नाही."

"मग?"

"तू लिहिलंस ना, आई. आणि मी टाइप केलं."

मला खरंच कळेना. मी विचारलं काय लिहिलं. तिने ते सगळं म्हणून दाखवलं, पाठ होतं तिला. दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते. दिवा लावायचा राहून जातो. बाहेरून बरी दिसते म्हणून कुणाला कळत नाही. टाइप करताना दोनदा उठून गेले, म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, ती खोट आहे. गुणांची बेरीज पाच झाली होती, म्हणून उणे पाचाची खोट लागली. नुसता हिशोब आहे तो."

"मग सात का केलीस?"

"आजीने जकात लावली म्हणून."

हे बोलताना मला वाटत होतं की मी अगदी मुद्द्याचं सांगतेय. ठकी माझ्याकडे बघत राहिली. हसू आणि रडू एकाच वेळी आलं की तिची हनुवटी लहानपणी थरथरायची, तशी थरथरत होती.

"आई, शिपायाला फाशी होणार आहे. त्याला उणे तीन."

बाहेर सगळे ऐकत होते, आणि आपण ऐकत नाही हे दाखवायला धाकटा मोठ्याने फासे मोजत होता.

रविवार, २३

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं आणि त्या कधी बोलत नाहीत, याचा मला आज जरा राग आला. तसं म्हणालेही.

त्या म्हणाल्या, "तू लेकीला कोंडत नव्हतीस. नुसते पडदे शिवत होतीस. पडदे शिवणाऱ्या बाईला काय बोलणार?"

मी म्हटलं, पण तुम्हाला माहीत आहे, मी एकटी पडेन म्हणूनच तुम्ही इतकी वर्षं इथे राहिलात, मुलीकडे गेला नाहीत. मग मी ठकीला...

त्यांनी मला मध्येच थांबवलं. चष्मा काढला. "मी? तुझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी आपली समजत होते, म्हातारीला कुठे टाकायचं म्हणून तू मला ठेवून घेतलंयस. मी जायचं नाव काढलं तर तुला वाईट वाटेल म्हणून काढलं नाही."

मग मी विचारलं, जायचं होतं का तुम्हाला. म्हणाल्या, छे, मुलीकडच्या खोलीत ऊन येत नाही. आणि तुला, मला घालवायचं होतं का? मी म्हटलं, पहिलं वर्षभर. त्या म्हणाल्या, मलाही पहिलं वर्षभर.

नंतर मी कार्ड घेऊन बसले. उणे सात खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते कळेना. मला नेमकी भीती कशाची वाटते, असं स्वतःला विचारलं तर उत्तर आलं, संध्याकाळी सहा ते सात. तेवढा एक तास. बाकीचे तेवीस मी पूर्वीही निभावले आहेत. एका तासाचे उणे किती होतात?

सोमवार, २४

सकाळी ठकीला सांगितलं की त्या कंपनीला पुन्हा कळव, मुदत अजून आहे. नाही म्हणाली. का, तर तू हे आता मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस, आणि तू माझ्यासाठी काय काय करू शकतेस ते मी बावीस वर्षं बघतेय. मी म्हटलं, अगं खरंच बोलतेय. ती म्हणाली, पंखा दुरुस्त केलास तेव्हाही खरंच बोलत होतीस.

शाळेत घातली तेव्हा वाटलं नव्हतं की एवढी हुशार निघेल.

मी धाकट्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बुधवारी येतो म्हणाला. सगळ्यांना बोलाव, आणि या खेपेला तू पेन्सिल घेऊन बसणार नाहीस, खेळणार आहेस.

बुधवार, २६

आयुष्यात पहिल्यांदा खेळले. हे नोंदवून ठेवावंसं वाटलं, कारण इतके दिवस मी बारा माणसांची आयुष्यं लिहीत होते आणि फासा हातात धरला नव्हता.

धाकट्याने मला विचारलंसुद्धा नाही, 'मागे राहिलेली'चं कार्ड सरळ माझ्यापुढे ठेवलं. खोटीची जागा रिकामी होती. "ती खेळता खेळता ठरवू," म्हणाला.

मी वाईट खेळते. नदीकाठी निघायची वेळ आली तर मी प्रत्येकाला काय काय बांधून देऊ लागले. डॉक्टरला औषधं दिली, लिफ्टवाल्याला जादा दोर. ठकीच्या पात्राला घोंगडी दिली, मग दुसरी घोंगडी, मग दिवा, मग दिव्याचं तेल. धाकटा म्हणाला, "ताई, एवढं घेऊन ती बुडेल." मी तेल परत घेतलं.

नदीला पूर होता. पलीकडे जायला एकच दोर, आणि तो अलीकडून कुणीतरी धरून ठेवायला हवा. तो मी धरला. फासे पडले, बरे पडले. डॉक्टर गेली, लिफ्टवाला गेला, सासूबाई कुरकुरत गेल्या. शेवटी ठकी. ती पलीकडे पोहोचली आणि धाकट्याने तिच्या हातातून दोराचं टोक सोडवल्यासारखं केलं.

मग तो माझ्याकडे वळला.

"ते गेले. झाडीत दिसेनासे झाले. संध्याकाळ झालीय. आता तू काय करतेस?"

मी विचारलं, फासा टाकायचा का. नाही म्हणाला, नुसतं सांग. सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त ठकी टेबलाकडे बघत होती.

मी म्हटलं, दोर गुंडाळते. ओला आहे, तो नीट गुंडाळला नाही तर कुजेल. बरं, मग? मग घरी जाते. मग? घरात शिरत नाही, पायरीवर बसते. किती वेळ? अंधार पडेपर्यंत. तेवढा एक तास वाईट जातो, मी म्हटलं, ते खरंच आहे, ते मी खोटं सांगणार नाही.

धाकट्याने कार्डावर काहीतरी लिहिलं. "आणि मग?"

मग मी नावाड्याकडे जाते, मी म्हटलं, कारण दोर त्याचा होता आणि तो त्याने विरलेला दिला होता. त्याला चार शब्द सुनावते. त्याची बायको मला आत बोलावते. तिच्या घरात एक हातमाग पडून आहे, मोडका, आणि मला तो दुरुस्त करता येईल असं वाटतं, कारण यंत्रं मला कळतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. तिला लिहायला-वाचायला शिकायचंय, तर मी तिला शिकवते आणि ती मला पोहायला शिकवते, कारण नदीकाठी जन्म काढून मला पोहता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडते. गावातली पोरं हसतात. त्यातल्या एकीचा आवाज चांगला आहे, तर मी ठरवते की...

मला माहीत नाही हे सगळं कुठून येत होतं. नावाड्याच्या बायकोची सासू आली. एक भांडण झालं, ते मिटलं. मागावर पहिलं कापड निघालं, वाकडं. मी त्या गावात किती दिवस काढले कोण जाणे. धाकटा नुसता मान डोलवत होता आणि "मग?" म्हणत होता.

"मामा," ठकी म्हणाली, "आमची पाळी कधी येणार? आम्ही इथे झाडीत ओल्या कपड्यांनी उभे आहोत."

"थांब गं," मी म्हटलं. "माझं झालेलं नाही अजून."

हे मी अगदी सहज म्हटलं. सासूबाई हसायला लागल्या, मग डॉक्टर, मग सगळेच, आणि मला आधी कळलंच नाही कशाला. ठकी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, डोकं एका बाजूला कलतं करून, काहीतरी ऐकल्यासारखी. मग उठली, मला सांभाळून घ्या म्हणून लिफ्टवाल्याच्या हातात तिचे फासे दिले आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी कान लावून ऐकत नव्हते. आमच्या भिंतीच पातळ आहेत. आधी ती बराच वेळ नुसती हं, हं करत होती. मग म्हणाली, हो, माझंच चुकलं, पण जागा अजून आहे ना? मग पुन्हा हं. आणि मग तिचा नेहमीचा आवाज आला, गेले काही दिवस घरात ऐकू न आलेला, जरा भांडखोर. दोर कंपनीचे असतात की ज्याने त्याने आणायचे, आणि ते शेवटचे कुणी तपासलेत, असं ती कुणालातरी विचारत होती.

धाकट्याने पुन्हा विचारलं, मग पुढे काय झालं, ते कापड वाकडं निघाल्यावर.

मी म्हटलं, उसवलं. आणि पुढचं सांगायला लागले.